तापलेल्या टायरांचा खोटा रुबाब

कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे घ्या, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट घ्या, नाहीतर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. हौशी लोकांच्या ट्रॅक डेला दुपारच्या जेवणाआधी एक ठरलेला कार्यक्रम होतोच. गाडी पिटमध्ये येते, मालक उतरतो, पुढच्या टायरपाशी उकिडवा बसतो आणि टायरच्या खांद्यावरून सोलून निघालेल्या रबराच्या सुरळ्या बोटाने काढून भोवतीच्या मंडळींना दाखवतो. चेहऱ्यावर हळहळ कमी, अभिमान जास्त. मग सगळीकडून पाठ झालेली वाक्यं येतात. टायर तापल्याशिवाय चिकटत नाही. वेगाची किंमत टायरलाच चुकवावी लागते. या कंपनीचा मालच तकलादू. हवा कमी कर, नायट्रोजन भर. पुढच्या वेळी सेमी-स्लिक घे, म्हणजे प्रश्न मिटला.

ही सगळी वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणून ती खोडायला वेळ लागतो. उरलेला अर्धा भाग मात्र हौशी चालकाचं नुकसान करतो, खिशाचं आणि त्याहून जास्त शिकण्याचं. माझा दावा असा की हौशी चालकाच्या टायरवरची बरीचशी झीज वेगातून येत नाही. ती वळणाच्या तोंडाशी झालेल्या चुकीतून येते, आणि ती चूक झाकायला ऊन, कंपनी आणि रबर यांचा आडोसा घेतला जातो.

आधी उष्णतेचं बघू. थंड रबर ताठ असतं, डांबरातल्या खडीच्या टोकांवर नीट बसत नाही. गरम झालं की मऊ होऊन खडीच्या खाचाखोचांत शिरतं. पृष्ठभागाला चिकटून ते धरतं, आणि दबून परत उसळताना रबराच्या आतल्या आत जे घर्षण होतं त्यानेही धरतं. इथवर पॅडॉकमधली मंडळी बरोबर आहेत. पण ही चढण कुठेतरी संपते. रस्त्यावरच्या चांगल्या टायरचं रबर साधारण ५० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उत्तम काम करतं. शर्यतीच्या रबराची मर्यादा याहून वर असते. त्यापुढे रबर मऊ राहण्याऐवजी लिबलिबीत होतं. ट्रेडचे ठोकळे वाकतात, त्यांच्या कडा फाटतात, आणि उष्णता खोल कोंडली तर पृष्ठभागाखाली फोड येतात. कारखान्यात टायर गंधकासह साच्यात भाजतात तेव्हा तापमान दीडशे अंशांच्या आगेमागे असतं. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलेली ही प्रक्रिया रबराच्या लांबलचक साखळ्या एकमेकींशी बांधते. ट्रॅकवर टायर वारंवार तापला आणि निवला की ही बांधणी बदलत जाते, रबर टणक होत जातं. मग नक्षी शिल्लक आहे पण पकड गेली आहे असा टायर उरतो, आणि त्याचा मालक म्हणतो की गेल्या वेळी हाच टायर किती छान धरत होता.

त्यात आपल्याकडे टायर तापवण्याची गरज तरी किती? टीव्हीवर सेफ्टी कारमागे फॉर्म्युला वनच्या गाड्या नागमोडी फिरताना पाहून आपली मंडळीही पहिल्याच फेरीत स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत सुटतात. त्या गाड्यांचं रबर वेगळं, त्यांच्या मर्यादा वेगळ्या, आणि युरोपातल्या ढगाळ हवेत डांबर गार असतं म्हणून त्यांचा खटाटोप. तमिळनाडूच्या उन्हात दुपारी डांबर पन्नास अंशांच्या वर सहज जातं. रस्त्याचा टायर तिथे एक-दोन फेऱ्यांत कामाला लागतो. शिवाय नागमोडी चालवून तापते ती वरची साल; आतला सांगाडा तापवायचा तर नेमाने ब्रेक आणि नेमाने थ्रॉटल हा त्याहून चांगला उपाय. उन्हाचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची शर्यत उष्म्यामुळे २४ ऐवजी २१ फेऱ्यांची करावी लागली, ती मुख्यतः माणसांच्या काळजीपोटी. ऊन टायरला त्याच्या कमाल मर्यादेच्या जवळ नेऊन ठेवतं एवढं खरं. उरलेलं अंतर ओलांडतो तो चालक.

कसं ओलांडतो, ते आकड्यांत मांडतो, कारण हा सगळा वाद भावनेवर चालतो आणि आकडे कोणी मांडत नाही. वळणात चाक ज्या दिशेला रोखलेलं असतं, गाडी नेमकी त्या दिशेला जात नाही. थोडी बाहेर सरकते. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन शून्य असेल तर बाजूची पकडही शून्य, म्हणजे थोडी घसरण ही पकडीची अटच आहे. कोन वाढत जातो तशी पकड वाढते, आणि रस्त्याच्या चांगल्या टायरमध्ये साधारण सहा ते आठ अंशांच्या आसपास तिचा कळस येतो. टायरगणिक आकडा बदलेल, वळण तेच. त्यापुढे कोन वाढवला तर पकड वाढत नाही, उलट हळूहळू घटते. उष्णता मात्र वाढतच राहते, कारण उष्णता म्हणजे बाजूचा जोर गुणिले घसरण्याचा वेग.

आता चालकासह १००० किलोची, पुढच्या चाकांवर ६० टक्के वजन असलेली गाडी घ्या. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक याच साच्यातल्या. ताशी ८० किलोमीटरने ती ०.९ जी एवढ्या बाजूच्या जोराने वळते आहे. पुढच्या दोन टायरांवर मिळून सुमारे ५३०० न्यूटनचा जोर येतो. कोन सात अंश असेल तर रबर सेकंदाला २.७ मीटर या वेगाने आडवं घासलं जातं आणि पुढच्या टायरांत सुमारे १४ किलोवॅट उष्णता तयार होते. कोन बारा अंश झाला की हाच आकडा २४ च्या घरात जातो. घरातला साधा गीझर दोन किलोवॅटचा असतो; म्हणजे सात गीझरांच्या जागी बारा गीझर, आणि त्यातला मोठा वाटा बाहेरच्या एकाच टायरच्या तळहाताएवढ्या रबरावर. या जादा पाच गीझरांच्या बदल्यात गाडी जास्त वळली का? नाही. थोडी कमीच वळली. आणि ही ऊर्जा आभाळातून पडत नाही, ती गाडीचा वेग खाऊन येते. वळणातून बाहेर पडताना तो चालक मंद असतो, पुढच्या सरळ पट्टीवर शेवटपर्यंत मंद राहतो, आणि पिटमध्ये येऊन सांगतो की वेगाची किंमत टायरने चुकवली.

हे बारा अंश येतात कुठून? ब्रेक उशिरा लागतो. उशिरा ब्रेक लावणं हे पॅडॉकमधलं सगळ्यात मोठं चलनी नाणं आहे, त्यामुळे जो तो शंभर मीटरच्या फलकाऐवजी पन्नासच्या फलकापाशी नशीब आजमावतो. गाडी वळणाच्या तोंडाशी गरजेपेक्षा वेगात पोचते. चालक स्टिअरिंग वळवतो, नाक वळत नाही. मग साहजिक प्रतिक्रिया म्हणून तो स्टिअरिंग आणखी वळवतो. चाकांचा कोन वाढतो, पकड घटते, नाक आणखी सरळ जातं. घाबरून तो आणखी वळवतो. कसाबसा वेग उतरला की अधीरपणे थ्रॉटल देतो. गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी, म्हणजे आधीच भाजून निघालेल्या त्याच दोन टायरांकडे तो आता पुढे ओढण्याचंही काम मागतो. एका फेरीत असे आठ-दहा प्रसंग, पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रात डझनभर फेऱ्या. खांद्यावरून सुरळ्या निघाल्या नाहीत तरच नवल.

खरं तर टायर हे सगळं आधीच सांगत असतो. पकड वाढत असते तेव्हा तो गुरगुरतो, कळसाशी आल्यावर त्याचा एकसारखा सूर लागतो, आणि कळस ओलांडला की कर्कश किंचाळतो. स्टिअरिंगही सांगतं: कळसाच्या पुढे गेलं की हाताला लागणारा विरोध हलका पडतो. त्या क्षणी हात थोडे सरळ करायचे आणि उजवा पाय थोडा वर घ्यायचा. नाक वळायला लागतं. वळत नाही म्हणून स्टिअरिंग सरळ करायचं ही गोष्ट मनाला पटत नाही, पण वर मांडलेलं गणित तेच सांगतं. ज्याला हे मान्य नाही त्याने एक प्रयोग करावा. अनुभवी प्रशिक्षकाला आपल्याच गाडीत, आपल्याच टायरांवर चार फेऱ्या मारायला सांगाव्यात आणि घड्याळ व टायर दोन्ही तपासावेत. कारी मोटर स्पीडवे ज्यांच्या नावाने उभा आहे त्या एस. करिवर्धन यांनी मारुतीच्या इंजिनावर चालणारी फॉर्म्युला मारुती उभी केली. त्या इवल्या ताकदीच्या गाड्यांवर आपल्याकडची एक पिढी शर्यत शिकली. कमी ताकदीच्या गाडीत वळणात घासून गमावलेला वेग परत मिळवायला इंजिन नसतं, म्हणून चूक लगेच कळते. आजच्या टर्बो गाड्यांत ती सरळ पट्टीवर झाकली जाते आणि टायरच्या खांद्यावर तेवढी उरते.

आता कंपनीवरच्या आरोपाकडे येऊ. टायर खरोखर नालायक निघू शकतो, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण एका भारतीयाच्या कारकिर्दीत कोरलेलं आहे. १९ जून २००५, इंडियानापोलिस. शर्यतीआधीच्या सरावात राल्फ शूमाकरचा मागचा डावा टायर तेराव्या, तिरप्या बांधणीच्या वळणावर फुटला. हा टायर त्या वळणावर शर्यतभर टिकेल याची हमी देता येत नाही, अशी तो बनवणाऱ्या मिशेलिनने कबुली दिली. त्या वर्षीच्या नियमांत शर्यतीत टायर बदलायची मुभा नव्हती. मिशेलिनच्या सातही संघांच्या चौदा गाड्या फॉर्मेशन लॅप संपवून थेट पिटमध्ये गेल्या आणि ब्रिजस्टोनवरच्या उरलेल्या सहा गाड्यांनी शर्यत केली. त्यात कोइम्बतूरचा नरेन कार्तिकेयन जॉर्डनमधून चौथा आला आणि भारताला फॉर्म्युला वनमधले पहिले गुण मिळाले. दोष टायरचा असतो तेव्हा तो असा दिसतो: गाडी कोणाचीही असो, चालक कोणीही असो, त्या टायरवरचे सगळेच अडचणीत येतात. तुमच्या पॅडॉकमध्ये मात्र एकाच गाडीवरचा एकाच छापाचा टायर एकाचे तीन ट्रॅक डे काढतो आणि दुसऱ्याचा एका दुपारीत संपतो. मग आरोपीच्या पिंजऱ्यात कंपनीला उभं करायचं कशाच्या आधारावर?

याच मुद्द्यावर मला २००५ पेक्षाही १९८६ ची ॲडलेडची फॉर्म्युला वन शर्यत जास्त बोलकी वाटते. अलँ प्रॉस्ट आणि केके रॉसबर्ग दोघे मॅकलारेनचे, म्हणजे गाडी तीच आणि टायरही गुडइयरचाच. प्रॉस्टची गाडी बर्गरच्या गाडीला घासली, चाक पंक्चर झालं, त्याला पिटमध्ये यावं लागलं. गुडइयरच्या माणसांनी त्याचे उतरवलेले टायर तपासले. झीज फारशी नाही, टायर शेवटपर्यंत टिकतील, असा निष्कर्ष काढून त्यांनी तो बाकीच्यांनाही कळवला. पुढे आघाडीवरच्या रॉसबर्गला मागून खडखडाट ऐकू आला. इंजिन गेलं असं समजून त्याने गाडी बाजूला घेतली. प्रत्यक्षात टायरची साल सुटून आपटत होती. त्यानंतर लगेच विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावरच्या मॅन्सेलचा मागचा डावा टायर सरळ पट्टीवर ठिणग्यांच्या फवाऱ्यात फुटला. शर्यत आणि विजेतेपद दोन्ही प्रॉस्टला मिळालं. रॉसबर्ग गाडी उडवत चालवणारा, प्रॉस्ट प्रेक्षकांना कंटाळवाणा वाटावा इतका सफाईदार. सगळा फरक शैलीचाच होता असं मी म्हणणार नाही. रॉसबर्ग बराच वेळ आघाडीवर राहून टायरांना जास्त राबवत होता. पण प्रॉस्टच्या टायरवरून रॉसबर्गच्या टायरचं भाकीत करता येत नाही, हे त्या दिवशी जगातल्या सर्वोत्तम टायर-तंत्रज्ञांना कळलं. पॅडॉकमध्ये अमुक टायर इतकी सत्रं टिकतो असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना ते अजून कळायचं आहे.

इथे समोरच्या बाजूच्या पदरात थोडं माप घालायला हवं. खांद्याची सगळीच झीज चालकाची नसते. घरगुती गाडीची चाकं जवळजवळ उभी असतात, कॅम्बर शून्याच्या आसपास, कारण कारखान्याला टायरने हजारो किलोमीटर सरळ रस्त्यावर सारखं झिजायला हवं असतं. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलली की बाहेरचं पुढचं चाकही कलतं आणि सगळा भार खांद्यावर येतो. प्रॉस्टला बसवलं तरी त्या गाडीचा खांदा आधी झिजेल. उपाय आहे: दोन-तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर. अनेक साध्या गाड्यांत तो कारखान्याकडून मिळत नाही, कॅम्बर बोल्ट किंवा वेगळे टॉप माउंट लावावे लागतात. गंमत अशी की एक्झॉस्टवर आणि रिमवर सढळ हाताने खर्च करणारा माणूस अलाइनमेंटवाल्याकडे तासभर बसायला तयार नसतो. तेवढंही नको असेल तर खांद्यावर खडूने आडव्या रेघा मारा आणि दोन फेऱ्या मारून या. रेघ कुठवर पुसली यावरून टायर कुठवर लोळतो आहे ते कळतं. खडूला पैसे पडत नाहीत, त्यामुळे त्याला पॅडॉकमध्ये प्रतिष्ठाही नाही.

प्रतिष्ठा आहे ती इन्फ्रारेड पिस्तुलाला. गाडी थांबली की टायरवर लाल ठिपका टाकायचा आणि आकडा मोठ्याने वाचायचा. जितका मोठा आकडा तितकी मोठी वाहवा. हे पिस्तूल फक्त वरच्या सालीचं तापमान सांगतं, आणि साल तर पिटमध्ये येईपर्यंत बरीचशी निवलेली असते. उपयोगी असते ती रबरात टोचायची सुई, आणि तीही एका जागी टोचून भागत नाही. आतली कड, मध्य, बाहेरची कड असे तीन आकडे घेतले तर बोध होतो. मध्य जास्त तापला असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा तापल्या तर हवा कमी. फक्त बाहेरची कड पेटली असेल तर एकतर कॅम्बर कमी आहे किंवा चालक नाकाने वळण घासतो आहे, आणि बहुतेक वेळा दोन्ही. एकट्या मोठ्या आकड्यावरून यातलं काहीच कळत नाही.

हवेबद्दल तर इतक्या दंतकथा आहेत की वेगळा लेख पडेल. पहिली नायट्रोजनची. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेला ऑक्सिजनही तापल्यावर तितकाच पसरतो. फरक पडतो तो बाष्पाचा, आणि कोरडी हवा देणारा चांगला कॉम्प्रेसर ती अडचण दूर करतो. नायट्रोजन भरला म्हणून दाब वाढणार नाही असं सांगणाऱ्याने शाळेतला वायूंचा नियम पुन्हा वाचावा. सकाळी ३० अंशांना ३२ पीएसआय हवा भरली आणि टायरच्या आतली हवा ७० अंशांवर गेली, तर दाब ३८ च्या पुढे जातो. नायट्रोजन असो वा कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याची हवा. म्हणून ट्रॅकवर थंड आकड्याला महत्त्व कमी आणि गरम आकड्याला जास्त. सत्र संपल्यावर गेज लावायचा, हवा काढायची, आणि काय काढलं ते वहीत लिहायचं. वही कोणी आणत नाही.

दुसरी दंतकथा अशी की हवा जितकी कमी, तितका टायर पसरतो आणि तितकी पकड. थोडीफार कमी करणं ठीक. त्याखाली गेलं की साइडवॉल दुमडायला लागते, टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, आणि वाकण्यातूनच उष्णता येते, तीही सालीत नव्हे, सांगाड्यात. जून २०१३ मध्ये सिल्व्हरस्टोनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत हॅमिल्टन, मासा, व्हेर्न आणि पेरेझ यांचे मागचे डावे टायर एकामागून एक फाटले. टायर पुरवणाऱ्या पिरेलीने दिलेल्या कारणांत ठरवून दिल्यापेक्षा कमी दाब, अतिरेकी कॅम्बर, डाव्या-उजव्या टायरांची अदलाबदल आणि उंच कर्बवरची आदळआपट ही सगळी होती. पिरेलीवर तेव्हा बरीच टीका झाली आणि त्यातली काही रास्तही होती. टायरची बांधणी त्यांना बदलावी लागली. पण पुढे दाब आणि कॅम्बरच्या मर्यादा संघांवर बंधनकारक झाल्या, कारण डझनावारी अभियंते हाताशी असूनही संघ मोहापायी हवा कमी करत होते. आपण तर हे गेज न लावता, पायाने टायर दाबून करतो.

सेमी-स्लिकचा, म्हणजे जेमतेम नक्षीच्या, जवळजवळ शर्यतीच्याच टायरचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो प्रेमाने दिला जातो. मान्य, त्याचं रबर जास्त तापमान सोसतं आणि पकड कितीतरी जास्त असते. अडचण अशी की पकड वाढली की चूकही त्याच प्रमाणात जास्त वेगात होते. रस्त्याचा टायर कळसाच्या आधी बराच वेळ कुरकुरतो आणि कळसानंतर हळूहळू सोडतो. सेमी-स्लिक शेवटपर्यंत गप्प असतो आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो. शिकणाऱ्याला बोलका टायर हवा. ज्याच्या फेऱ्यांच्या वेळा एकमेकींच्या अर्ध्या सेकंदात येत नाहीत, त्याने सेमी-स्लिकवर खर्च केलेला पैसा शिकण्यावर खर्च झालेला नाही. याच्या उलट टोकाला जाऊन मायलेजसाठी बनवलेला टणक टायर घेऊन ट्रॅकवर जाणं हेही शहाणपणाचं नाही. आणि आणखी एक उफराटी गोष्ट: ट्रॅक डेसाठी कोरा संच टाकायची गरज नसते. कोऱ्या टायरची नक्षी आठेक मिलिमीटर खोल असते, तिचे उंच ठोकळे डुलतात, डुलण्यातून तापतात आणि त्यांचे तुकडे पडतात. परदेशात रस्त्याच्या टायरवर शर्यत करणारे लोक म्हणूनच नवे टायर मुद्दाम तासून घेतात. चार मिलिमीटर उरलेला, फार जुना नसलेला टायर कोरड्या ट्रॅकवर नव्यापेक्षा बरा वागतो. पाऊस आला तर अर्थातच हिशेब उलटा.

या सगळ्यावरचा सर्वात वजनदार आक्षेप मी शेवटी ठेवला आहे. मर्यादा ओलांडल्याशिवाय ती कळत नाही, आणि ओलांडायची तर रस्त्यापेक्षा ट्रॅकवर ओलांडलेली बरी; मग टायरचा हिशेब कशाला? हे मला पूर्ण मान्य आहे. ट्रॅक त्यासाठीच असतो, आणि गाडी घसरते तेव्हा काय होतं हे ज्याने पाहिलेलंच नाही, त्याच्यापेक्षा पाहिलेला माणूस हायवेवरही सुरक्षित. पण ओलांडायची ती मंद वळणात, मोकळी जागा पाहून, आणि परत अलीकडे येण्यासाठी. दिवसभर प्रत्येक वळणात पलीकडेच राहणाऱ्याला ती रेषा कुठे होती ते कळत नाही. सातव्या आणि बाराव्या अंशातला फरक हाताला कळणं म्हणजे शिकणं, आणि तो फरक बारावर बसून कळायचा नाही. मजेबद्दल मात्र माझा वाद नाही. कोणाला नुसता धूर काढायचा असेल तर खुशाल काढावा, फक्त त्याला वेगाचं नाव देऊ नये.

वाद खरा जिवाशी येतो तो संध्याकाळी. पुण्या-मुंबईच्या मंडळींना कोइम्बतूर किंवा चेन्नई हजार किलोमीटरहून दूर. ट्रेलरवर गाडी नेणारे मोजके, बाकीचे गाडी चालवत जातात आणि त्याच टायरांवर परत येतात. दिवसभर गरम टायरमधून हवा काढत काढत ती ३२ वर आणलेली असते. तो टायर रात्री २० अंशांवर निवला की आत जेमतेम २५ उरते. त्यात चार माणसं, सामान, आणि ताशी शंभरचा वेग. आपल्याकडे आधीच समज आहे की उन्हाळ्यात, सिमेंटच्या रस्त्यावर, समृद्धी महामार्गावर जायचं तर हवा थोडी कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही. हे साफ उलटं आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि आतून सुटतो. ट्रॅकवरून परतणाऱ्याकडे तर आधीच सकाळपासून भाजलेला टायर असतो.

शिवाय कायद्याची १.६ मिलिमीटरची खूण मुख्य खाचांमध्ये असते, खांद्यावर नसते. खाचा पाच मिलिमीटर खोल आणि बाहेरच्या खांद्यातून तारा डोकावताहेत, असा टायर खूण पाहणाऱ्याला धडधाकट दिसतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून, टॉर्च मारून खांदा आणि साइडवॉल पाहावी लागते. फोड, भेग किंवा तार दिसली तर तो टायर त्या गावातच बदलायचा, पुण्याला पोचून बघू म्हणायचं नाही. आयोजक सकाळी गाडी आत घेताना हेल्मेट पाहतात, चाकांचे नट पाहतात, टो-हुक पाहतात, डिकी रिकामी आहे का पाहतात. संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या गाडीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. गेटवर एक कॉम्प्रेसर, एक गेज आणि टॉर्च घेतलेला एक माणूस ठेवायला प्रवेश शुल्कातला फारच लहान भाग पुरेल. हवा दारावरच्या स्टिकरवर छापलेल्या आकड्यापर्यंत परत भरल्याशिवाय आणि खांदा पाहिल्याशिवाय गाडी बाहेर सोडायची नाही, एवढा नियम करायला कोणत्याही क्लबला कोणाचीही परवानगी लागत नाही.